धातू आम्लात टाकला, पण काहीच होत नाही: कारण कुठे शोधायचे?

पुस्तकातले समीकरण सरळ असते. धातू आणि विरल आम्ल एकत्र आले की क्षार तयार होतो आणि हायड्रोजन सुटतो. परीक्षानळीत मात्र ॲल्युमिनिअमचा तुकडा तळाशी ढिम्म पडून राहतो, जस्त कंटाळल्यासारखा एखाददुसरा बुडबुडा सोडते, संगमरवराचा खडा थोडा वेळ फसफसून गप्प होतो. मग आम्ल खराब आहे, धातू भेसळीचा आहे, इथपासून ते अभिक्रियाशीलता श्रेणीच चुकीची छापली आहे, इथपर्यंत तर्क सुरू होतात. एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा येते की तिचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवलेले बरे.

श्रेणी चुकलेली नसते. कोणता धातू कोणाला हटवू शकतो, एवढेच ती सांगते. किती वेळात हटवेल आणि मुळात दोघांची गाठ पडेल की नाही, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावर होते, धातूच्या पोटात नाही. त्यामुळे अडलेल्या प्रयोगाचे कारण बहुतेक वेळा त्या पृष्ठभागावर बसलेल्या एखाद्या पातळ थरात सापडते. क्वचित ते आम्लाच्या बाटलीत असते. तिथून सुरुवात करू, कारण ते तपासायला सोपे आहे.

आधी आम्ल जिवंत आहे का ते बघा

मॅग्नेशिअमच्या फितीचा सेंटिमीटरभर तुकडा घ्या, पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासा आणि संशयित आम्लाच्या दोन मिलिलिटरमध्ये टाका. लगेच फसफसून तुकडा दिसेनासा झाला, तर आम्लाला दोष देऊ नका. तुकडा नुसताच रेंगाळला तर आम्ल फार विरल झाले आहे, किंवा बाटलीवरचे लेबल आणि आतला पदार्थ यांचा मेळ बसत नाही.

अशा प्रयोगांना साधारण २ मोलार (लिटरभर द्रावणात २ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते. संहत आम्ल सुमारे १२ मोलार असते. म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणासाठी साधारण १७ मिलिलिटर संहत आम्ल लागते. पाणी आधी, आम्ल नंतर, हळूहळू आणि ढवळत. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत हा क्रम उलटा केला तर वर ओतलेले पाणी जागच्या जागी उकळते आणि आम्ल अंगावर उडते. चष्मा घालूनच हे काम करायचे.

आम्ल सौम्य असेल तर वेगळाच घोळ होतो. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (pH) १ असतो आणि तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा सुमारे २.९. आकड्यांत फरक दोनचा वाटतो, पण सामूचे माप लॉगचे (एका अंकाला दहा पट) असल्यामुळे मोकळ्या हायड्रोजन आयनांत जवळजवळ ८० पटींचा फरक पडतो. बुडबुडे सावकाश येणारच. मात्र शेवटी जमणारा वायू तेवढाच असतो, कारण आयन खर्ची पडतील तसे उरलेले रेणू फुटत जातात. ‘सौम्य’ (ज्याचे थोडेच रेणू फुटतात) आणि ‘विरल’ (ज्यात पाणी जास्त आहे) हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्या गोंधळातूनच यातल्या निम्म्या तक्रारी जन्माला येतात, असे माझे मत आहे.

विरल आम्ल चालत नाही म्हणून थेट संहत आम्ल ओतायचे, हा उपाय तर अजिबात करू नका. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे त्यात मोकळे हायड्रोजन आयन फारसे नसतात. जस्त त्यात टाकून गरम केले तर हायड्रोजनऐवजी घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड येतो. लोखंड तर त्यात इतके शांत राहते की हे आम्ल पोलादी टाक्यांतून वाहून नेतात. तेच आम्ल विरल झाले की त्याच पोलादाला खाऊ लागते.

सुरूच झाली नाही: ऑक्साइडचा थर

मॅग्नेशिअमची फीत डब्यातून काढली की राखाडी दिसते. हा राखाडी रंग धातूचा नसून हवेशी संबंध आल्यामुळे चढलेल्या ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा असतो. आम्लात हा थर विरघळतो, म्हणून तिथे काही क्षणांचा उशीर सोडला तर फार अडत नाही. पाण्यात मात्र तो पुरता आडवा येतो. घासलेली फीत गरम पाण्यात ठेवून फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकले, तर फितीच्या कडेने गुलाबी रंग उमटतो आणि बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. पण तयार होणारे मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात जेमतेम एक शतांश ग्रॅम विरघळते. बाकीचे फितीवरच बसते आणि अभिक्रिया मंदावते. अशा पाण्यात थोडे अमोनिअम क्लोराइड टाकून बघा. हा क्षार पाण्यात किंचित आम्लधर्मी असतो आणि हायड्रॉक्साइडचा थर विरघळवतो. बुडबुडे लगेच वाढतात. क्षार म्हणजे उदासीन, ही समजूतही त्याच नळीत मोडीत निघते.

ॲल्युमिनिअमची गोष्ट याहून अवघड आहे. श्रेणीत तो जस्ताच्या आणि लोखंडाच्या वर बसतो. प्रमाण विभव (हा आकडा जितका उणे, तितका धातू श्रेणीत वर) बघितले तर ॲल्युमिनिअमचे उणे १.६६ व्होल्ट, जस्ताचे उणे ०.७६ आणि लोखंडाचे उणे ०.४४. कागदावर त्याने जस्ताला सहज मागे टाकायला हवे. पण हवेत उघड्या पडलेल्या ॲल्युमिनिअमवर क्षणार्धात ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. हा थर डोळ्याला दिसत नाही, धातूला घट्ट चिकटून राहतो आणि त्याला भेगा नसतात. घासून काढला तरी हात खाली येईपर्यंत नवा तयार झालेला असतो. म्हणून मॅग्नेशिअमला लागू पडणारा पॉलिश पेपर इथे अर्धाच उपयोगी पडतो.

२ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याचा तुकडा टाका आणि नुसते बघत राहा. आधी काहीच घडत नाही. मग कापलेल्या कडांवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसू लागतात, कारण थर तिथे सगळ्यात कच्चा असतो. पत्रा काळपट होतो, त्याला भोके पडू लागतात, नळी हाताला कोमट लागते. आणि तिथून पुढे सगळे एकदम उसळते. नळी तापल्यामुळे वेग वाढतो, वेग वाढल्यामुळे नळी आणखी तापते. राखाडी फेस थेट तोंडाशी येतो.

धोका आहे तो त्या सुरुवातीच्या शांततेत. काही होत नाही असे वाटून माणूस आणखी आम्ल ओततो, आणखी पत्रा कोंबतो किंवा नळी ज्योतीवर धरतो. थर फुटला की हे सगळे एकाच वेळी पेट घेतल्यासारखे सुरू होते. म्हणून ॲल्युमिनिअम घ्यायचा तो नखाएवढा, नळी एक चतुर्थांशाहून जास्त भरायची नाही, तोंड कोणाच्याही दिशेने ठेवायचे नाही आणि थांबायचे. जवळपास ज्योत नको.

तोच पत्रा विरल सल्फ्युरिक आम्लात टाकला तर बराच वेळ थांबूनही निराशाच पदरी पडते. हायड्रोजन आयन दोन्हीकडे आहेत, मग फरक कशाचा? क्लोराइडचा. क्लोराइड आयन ऑक्साइडच्या थरातली कच्ची ठिकाणे हेरून तिथे छिद्रे पाडतात. सल्फेटला ते तितकेसे जमत नाही. हे ताडून बघायचे असेल तर मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) द्रावण दोन नळ्यांत घ्या आणि दोन्हींत ॲल्युमिनिअमचा तुकडा टाका. श्रेणीनुसार तांबे बाहेर पडायला हवे, पण दोन्ही नळ्या निळ्याच राहतात. आता एका नळीत चिमूटभर साधे मीठ टाका. काही वेळात त्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठतात, ते पसरतात, नळी तापते, निळा रंग फिका पडत जातो आणि तळाशी तांब्याचा लालसर गाळ साठतो. सोबत हायड्रोजनचे बुडबुडेही येतात. दुसरी नळी तशीच निळी. ‘ॲल्युमिनिअम मोरचुदातून तांबे काढत नाही’ अशी तक्रार आली की माझे उत्तर ठरलेले असते: मीठ टाका.

थर काढायचा दुसरा मार्ग आम्लारीचा आहे. ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड उभयधर्मी असते, आम्लातही विरघळते आणि सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातही. त्यामुळे हा धातू आम्लारीतूनही हायड्रोजन सोडतो. इथेही सुरुवात संथ आणि पुढे उसळी, त्यामुळे वरची खबरदारी शब्दशः लागू. शिवाय सोडिअम हायड्रॉक्साइडचा फेस डोळ्यात जाणे हे आम्ल जाण्यापेक्षा वाईट.

एक जाता जाता. पेयांच्या कॅनचा पत्रा वापरणार असाल तर त्याच्या आतून प्लास्टिकसारखे अस्तर असते आणि बाहेरून रंग. ते खरवडल्याशिवाय आम्ल धातूपर्यंत पोहोचतच नाही. त्यात श्रेणीचा काही दोष नाही.

सुरू झाली, पण मध्येच थांबली

आधी हिशेब करा. ५ मिलिलिटर २ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात ०.०१ मोल आम्ल असते. त्याला पुरणारे जस्त ०.००५ मोल, म्हणजे सुमारे ०.३३ ग्रॅम. तुम्ही टाकलेला दाणा ग्रॅमभराचा असेल तर आम्ल संपून दोन तृतीयांश दाणा उरणारच. ही अभिक्रिया थांबलेली नाही, पूर्ण झालेली आहे. वरचे द्रावण ओतून ताजे आम्ल टाका. बुडबुडे पुन्हा आले तर प्रश्न मिटला.

ताजे आम्ल टाकूनही काही हलले नाही, तर अभिक्रियेतून तयार झालेला क्षारच आडवा आला आहे. संगमरवर आणि विरल सल्फ्युरिक आम्ल हे याचे नेहमीचे उदाहरण. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड जोरात येतो, पण सोबत कॅल्शिअम सल्फेट तयार होते. ते लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. उरलेले खड्याभोवती पांढरे कवच धरते. आत संगमरवर आहे, बाहेर आम्ल आहे, मध्ये भिंत आहे. खडा चिमट्याने बाहेर काढून नखाने खरवडा. पांढरा भुगा निघतो आणि खालची ताजी जागा आम्लात जाताच पुन्हा फसफसते. उपाय म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा, कारण कॅल्शिअम क्लोराइड भरपूर विरघळते. सल्फ्युरिकच वापरायचे असेल तर खड्याऐवजी चूर्ण घ्या आणि सतत हलवत राहा. त्यातही अभिक्रिया मंदावते, पण निदान लगेच गळा आवळला जात नाही.

कॅल्शिअम धातूचेही विरल सल्फ्युरिक आम्लात हेच होते. पाण्यात जोमाने फसफसणारा धातू आम्लात आखडतो, हे पाहून गोंधळ उडतो. कारण तेच सल्फेट.

शिसे हा या प्रकारातला अट्टल गडी. श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे, पण जेमतेम: प्रमाण विभव उणे ०.१३ व्होल्ट. त्यात त्याचे क्लोराइड थंड पाण्यात लिटरला सुमारे १० ग्रॅमच विरघळते आणि सल्फेट तर जवळजवळ नाहीच. म्हणून शिसे हायड्रोक्लोरिक आम्लात रडतखडत चालते आणि सल्फ्युरिक आम्लात वरवर पांढरे पडून थांबते. या अडचणीचा उद्योगाने मोठा फायदा करून घेतला. १७४६ मध्ये जॉन रोबकने बर्मिंगहॅममध्ये सल्फ्युरिक आम्ल बनवण्यासाठी काचेच्या भांड्यांऐवजी शिशाच्या पत्र्याच्या खोल्या वापरायला सुरुवात केली. आम्ल पहिल्याच स्पर्शात भिंतीवर सल्फेटचा थर चढवत असे आणि पुढे भिंत सुरक्षित. प्रयोगासाठी मात्र शिशाच्या वाटेला जाऊ नका. त्याचे विद्राव्य क्षार विषारी असतात आणि श्रेणी दाखवायला इतर धातू पुष्कळ आहेत.

आम्ल निवडताना एवढे ध्यानात ठेवले तरी भागते: नायट्रेट सगळी विरघळतात, क्लोराइडांपैकी चांदी आणि शिशाची अडवतात, सल्फेटांपैकी बेरिअम आणि शिशाची अडवतात, कॅल्शिअमचे अर्धवट अडवते.

जस्त फार शुद्ध आहे

हे ऐकून लोक हसतात, पण हे खरे कारण आहे. शुद्ध जस्त विरल सल्फ्युरिक आम्लात कमालीचे संथ चालते. जिनिव्हाच्या ऑग्युस्त द ला रीव्हने १८३० च्या सुमारास दाखवून दिले की अशुद्ध जस्त शुद्ध जस्तापेक्षा कितीतरी वेगाने विरघळते. कारण असे की जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू जोडीने एकत्र येऊन वायू बनणे अवघड जाते. तांबे, लोखंड अशा धातूंच्या पृष्ठभागावर ते सोपे जाते.

उपाय दोन थेंबांचा आहे. नळीत मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. जस्तावर जागोजागी काळे डाग पडतात, आणि नीट पाहिले तर बुडबुड्यांच्या माळा नेमक्या त्या डागांवरून उठताना दिसतात. तो काळा डाग म्हणजे सुटे झालेले बारीक तांबे. जस्त विरघळते एका जागी, त्याचे इलेक्ट्रॉन धातूतूनच तांब्याकडे जातात आणि हायड्रोजन तिथे तयार होतो. दाण्यादाण्यावर छोटे विद्युतघट तयार झालेले असतात.

मोरचूद नसेल तर तांब्याची स्वच्छ तार आम्लात बुडवून जस्ताच्या दाण्याला टेकवा. तार टेकताच बुडबुडे तारेवरून येऊ लागतात, उचलताच थांबतात. पाहणारा हमखास म्हणतो की तांब्यावर आम्लाची अभिक्रिया होते आहे. तसे काही नाही. तारेचे वजन तेवढेच राहते, झिजते ते जस्त.

मोरचूद जास्त ओतू नका. चमचाभर टाकले तर जस्त आपली सगळी शक्ती तांबे बाहेर काढण्यातच खर्च करते, तांब्याचा स्पंजासारखा थर दाण्याला झाकतो आणि वायू उलट कमी होतो. वेग मोजण्याचा प्रयोग असेल तर मोरचूद टाकल्याची नोंद वहीत हवीच, नाहीतर दोन गटांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

मोरचुदात खिळा ठेवला, पण चित्रातल्यासारखे झाले नाही

यात तीन वेगवेगळ्या तक्रारी येतात.

पहिली: खिळ्यावर काहीच बसले नाही. नव्या खिळ्यावर तेलाचा हात असतो. तो साबणाने धुऊन, पॉलिश पेपरने घासून मगच वापरा. स्टेनलेस स्टील असेल तर त्यावर क्रोमिअमच्या ऑक्साइडचा थर असतो आणि तो सहजी दाद देत नाही. चुंबकाने ओळखायचा प्रयत्न करू नका, कारण काही स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतात.

दुसरी: खिळा लालसर व्हायच्या ऐवजी काळा झाला. बहुधा खिळ्यावर जस्ताचा मुलामा आहे. जस्त मोरचुदात टाकले की तांबे झपाट्याने आणि अतिशय बारीक कणांत बाहेर पडते, आणि बारीक कणांचे तांबे लाल न दिसता काळपट दिसते. तो काळा थर काढून गाळणकागदावर धुऊन, चमच्याच्या पाठीने दाबून बघा. तांब्याची झाक दिसू लागते. यासोबत बुडबुडेही दिसतात आणि विस्थापनात वायू कुठून आला असा प्रश्न पडतो. मोरचुदाचे द्रावण स्वतःच आम्लधर्मी असते, जस्त त्यातल्या हायड्रोजन आयनांनाही सोडत नाही.

तिसरी: खिळा तांबूस झाला पण द्रावण निळेच राहिले. इथे घाई नडते. ०.५ मोलार द्रावणाच्या १० मिलिलिटरमधले सगळे तांबे बाहेर काढायला ०.२८ ग्रॅम लोखंड पुरते, म्हणजे लोखंड कमी पडत नाही. कमी पडतो तो पृष्ठभाग, आणि त्यावर आधी बसलेले तांबे पुढची वाट अडवते. खिळ्याऐवजी लोखंडाचा कीस किंवा बारीक तारेचा गुंता घ्या, द्रावण ०.१ मोलार करा, आणि तेच दृश्य काही मिनिटांत दिसेल. खिळाच हवा असेल तर रात्रभर ठेवा. मात्र सकाळी फिक्या हिरव्याऐवजी गढूळ तपकिरी पाणी दिसले तर दचकू नका, हवेतल्या ऑक्सिजनने फेरस क्षाराचे फेरिक करून टाकले आहे. सुरुवातीलाच विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर हिरवा रंग टिकतो.

होऊ नये ती अभिक्रिया झाली

तांब्याचा तुकडा विरल सल्फ्युरिक आम्लात टाकला आणि द्रावण निळसर झाले. श्रेणी खोटी? वायूचा एकही बुडबुडा आला होता का, हे आधी विचारा. आला नसेल तर विरघळले ते तांब्यावरचे काळे कॉपर ऑक्साइड. ते आम्लारीधर्मी ऑक्साइड आहे आणि आम्लाशी मिळून क्षार आणि पाणी देते, हे साधे उदासिनीकरण झाले. तुकडा चकचकीत होऊन बाहेर येतो आणि पुढे रंग गडद होत नाही. तसेच उघड्यावर बरेच दिवस ठेवले तर हवेतला ऑक्सिजन तांब्याचे ऑक्सिडीकरण करत राहतो आणि रंग हळूहळू वाढतो, पण तेही हायड्रोजनचे विस्थापन नव्हे.

नायट्रिक आम्लाने तर श्रेणीच्या प्रयोगात पाऊलच टाकू नये. ते ऑक्सिडीकारक असल्यामुळे तांब्यालाही विरघळवते, हायड्रोजनच्या जागी नायट्रोजनची ऑक्साइडे देते, आणि त्यातला तपकिरी वायू विषारी असतो. हायड्रोजन मिळतो तो मॅग्नेशिअम आणि मँगनीजसारख्या धातूंवर अतिविरल नायट्रिक आम्ल वापरले तरच. उलट संहत नायट्रिक आम्लात बुडवलेले लोखंड एकदम निष्क्रिय होते आणि नंतर मोरचुदातूनही तांबे काढत नाही. १८३६ मध्ये ख्रिश्चन शोनबाइनने मायकेल फॅरेडेला पत्राने हे कळवले, आणि दोघांनीही त्यावर प्रयोग केले. थर ओरखडला की लोखंड पुन्हा शुद्धीवर येते.

वायू आला, पण परीक्षेत उतरत नाही

जळती काडी नेली आणि ‘फट्’ आवाज आला नाही. हायड्रोजन हवेत सुमारे ४ ते ७५ टक्के असेल तेव्हाच मिश्रण पेटते. वायू फार थोडा जमला असेल तर आवाज येत नाही, आणि नळी शुद्ध हायड्रोजनने गच्च भरली असेल तर तो तोंडाशी शांतपणे जळतो, ज्योत उजेडात दिसतही नाही. बहुतेक वेळा चूक नळी धरण्यात असते. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाएवढा हलका, तोंड वर करून नेलेल्या नळीतून तो काडी पोहोचण्याआधीच निसटतो. नळी उपडी धरून जमवा, अंगठ्याने बंद करा, आणि काडी जवळ आल्यावरच अंगठा काढा. वायू येणाऱ्या भांड्याच्या नळीला थेट काडी लावणे मात्र निषिद्ध. आत हवा शिल्लक असेल तर भांडेच फुटते.

कोरडा लिटमस कागद कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूत रंग बदलत नाही. आयन पाण्यातच मोकळे होतात, म्हणून कागद ओला करा. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ च्या खालच्या सामूला रंगहीन असते, तेव्हा ते रंगहीन राहिले म्हणून द्रावण आम्लधर्मी ठरत नाही. आणि फार तीव्र आम्लारीत त्याचा गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो. नमुना पाण्याने पुष्कळ विरल करून बघितल्यास तो परत दिसतो.

संगमरवराचा वायू चुन्याच्या निवळीत सोडला आणि ती पांढरी झालीच नाही, ही शेवटची नेहमीची तक्रार. निवळी जुनी असेल तर तिने हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच घेतला असतो आणि बाटलीच्या तळाशी पांढरी साय बसलेली दिसते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम चुनाच विरघळतो, त्यामुळे तिची ताकद मुळातच कमी. ताजी करून गाळून घ्या. निवळी ताजी असूनही पांढरी होत नसेल, किंवा पांढरी होऊन लगेच निवळत असेल, तर दोन शक्यता उरतात: वायू जास्त वेळ सोडल्यामुळे कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट झाले, किंवा आम्लाची वाफ वायूसोबत आली आणि तिने चुन्यालाच उदासीन केले. ती निवळी उकळा. पुन्हा गढूळ झाली तर कार्बन डायऑक्साइड जास्त झाला होता, वायू सोडणे आधी थांबवायला हवे होते. उकळूनही स्वच्छच राहिली तर आम्ल पोहोचले आहे. मग आम्ल आणखी विरल करा, आणि मधल्या बाटलीत थोडे पाणी ठेवून वायू त्यातून धुऊन पुढे सोडा.